कॅन्सर, जनुके आणि ‘घराण्याचा दोष’

आपल्याकडे कुणाला कॅन्सर झाला की दोन उत्तरे तयारच असतात. एक जुने : मागल्या जन्मीचे भोग. दुसरे नवे, शिकल्यासवरल्या माणसांचे : ‘जीन्समध्येच असणार.’ पहिल्या उत्तराची कुळकथा आपल्या वाचकांना सांगायला नको. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मागल्या जन्मीच्या कोणत्या पापाने कोणती व्याधी होते त्याची यादीच आहे. सोने चोरणाऱ्याची नखे खराब होतात, दारू पिणाऱ्याचे दात काळे पडतात, ब्रह्महत्या करणाऱ्याला क्षय होतो. रोग म्हणजे रोग्याच्याच अपराधाचा पुरावा, असे सांगणारी ही व्यवस्था आपण नाकारली. पण तिच्या रिकाम्या जागेवर ‘जीन्स’ हा शब्द येऊन बसला आणि त्याचाही अर्थ लोक ‘जन्माबरोबर आलेले, न टळणारे’ असाच घेऊ लागले, तर नाकारून मिळवले काय? विज्ञानाच्या भाषेत प्राक्तनच सांगितले जात असेल, तर हे विज्ञान मुळात काय म्हणते ते एकदा नीट पाहिले पाहिजे.

मी तालुक्याच्या गावी महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. अनुवंशाचे प्रकरण सुरू झाले, मेंडेलचे वाटाणे फळ्यावर आले, की तास संपल्यावर कुणी ना कुणी मागे रेंगाळते. ‘सर, आईला छातीचा कॅन्सर झाला होता, मला होईल का?’ एका विद्यार्थिनीची सोयरीक मुलाकडच्यांनी एवढ्याच कारणावरून मोडली. बाप तोंडाच्या कॅन्सरने गेला होता आणि ‘घराण्यात आहे’ म्हणून मुलगी नको. तोंडाच्या कॅन्सरबद्दल असे म्हणणाऱ्यांना ना तोंड कळले आहे ना घराणे. हा लेख मुख्यतः अशा मुलामुलींसाठी आणि त्यांना शिकवणाऱ्यांसाठी आहे.

घोळ दोन शब्दांपासून सुरू होतो. ‘जनुकीय’ आणि ‘आनुवंशिक’ हे शब्द आपली वर्तमानपत्रे एकाच अर्थाने वापरतात. प्रत्येक कॅन्सर हा जनुकीय असतो. आनुवंशिक मात्र फार थोडे असतात. या दोन विधानांमधले अंतर कळले की निम्मी भीती कमी होते.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यांवर सुमारे २० हजार जनुके, आणि हे सारे डीएनएच्या तीनशे कोटी अक्षरांत लिहिलेले. पेशी दुभंगते तेव्हा हा सगळा मजकूर पुन्हा उतरवला जातो. उतरवताना चुका होतात. तंबाखू, किरणोत्सर्ग, काही रसायने, काही विषाणू या चुका वाढवतात. काही चुका निव्वळ योगायोगाने घडतात. कसलेही व्यसन नसलेल्या माणसालाही कॅन्सर होतो तो अनेकदा यामुळे. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही. पण काही जनुकांवर पेशीच्या वाढीचा कारभार असतो. त्यांतली काही चाबकाचे काम करतात, ती पेशीला वाढायला लावतात. काही कासऱ्याचे काम करतात, ती तिला आवरतात. तिसरी जात सुताराची : मोडलेले दुरुस्त करणारी. (इथे ‘जात’ हा शब्द सवयीने आला. जीवशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांतही तो फार सैलपणे वापरतात.) चाबूक सतत बसत राहिला, कासरा तुटला आणि सुतारही कामावर नसला, म्हणजे पेशी बेफाम दुभंगत सुटते. एका चुकीने सहसा हे होत नाही. अनेक चुका साठाव्या लागतात, त्याला वर्षे जातात. म्हणून कॅन्सर बहुधा उतारवयातला रोग आहे.

हे ज्ञान एका दिवसात आलेले नाही. जर्मनीत थिओडोर बोव्हेरी यांनी १९१४ साली, समुद्री अर्चिनच्या अंड्यांवर केलेल्या जुन्या प्रयोगांवरून, गुणसूत्रांतला बिघाड हेच कॅन्सरचे मूळ असावे असा तर्क मांडला. अमेरिकेत मायकेल बिशप आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांनी १९७६ मध्ये दाखवले की कोंबड्यांत कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूतले जनुक मूळचे कोंबडीच्याच निरोगी पेशीतले आहे. म्हणजे वाईट जनुक बाहेरून येत नाही, आपलेच कामाचे जनुक बिघडते. १९८२ मध्ये मूत्राशयाच्या एका कॅन्सरच्या पेशीत असे बिघडलेले जनुक सापडले. त्यात आणि निरोगी जनुकात फरक होता फक्त एका अक्षराचा.

आता कळीचा मुद्दा. हा बिघाड कुठे झाला? गालाच्या आतल्या, फुप्फुसातल्या, स्तनातल्या एखाद्या पेशीत. तो त्या माणसाच्या हयातीत झाला आणि त्याच्याबरोबर संपला. मूल जन्मते ते आईच्या बीजांडातून आणि बापाच्या शुक्रपेशीतून. गालातली बिघडलेली पेशी मुलाला मिळत नाही. सिगारेटच्या धुरातले एक रसायन ‘पी-५३’ या कासऱ्याच्या जनुकाला नेमक्या ज्या जागी चिकटते, त्याच जागी फुप्फुसाच्या कॅन्सरमधल्या चुका दाटून आढळतात, हे १९९६ साली दाखवले गेले. हा बिघाड पूर्णपणे जनुकीय आहे, आणि बापाकडून मुलाकडे त्यातले काहीही जात नाही. वर सांगितलेली सोयरीक मोडणाऱ्यांना एवढे समजले असते तर बरे झाले असते.

आनुवंशिक कॅन्सर म्हणजे जिथे बिघाड बीजांडात किंवा शुक्रपेशीतच असतो आणि म्हणून मुलाच्या प्रत्येक पेशीत उतरतो. एकूण कॅन्सरमध्ये यांचे प्रमाण शेकडा ५ ते १० धरतात. हे कसे घडते ते लहान मुलांच्या डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमा या कॅन्सरवरून अल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये उलगडले. त्यांच्यापुढे केवळ ४८ मुलांच्या नोंदी होत्या. काही मुलांच्या दोन्ही डोळ्यांत गाठी होत्या आणि त्या फार लवकर दिसल्या होत्या. काहींच्या एकाच डोळ्यात, एकच गाठ, थोडी उशिरा. नुडसन यांनी हिशेब मांडला : प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. कासरा पुरता तुटायला दोन्ही तुटाव्या लागतात. पहिल्या प्रकारची मुले एक प्रत जन्मतःच बिघडलेली घेऊन येतात, त्यांना दुसरा एकच घाव पुरतो. बाकीच्यांना एकाच पेशीवर दोन्ही घाव बसावे लागतात. ते जनुक १९८६ मध्ये प्रत्यक्ष हाती लागले. हिशेब बरोबर होता. आपल्याकडे अशा मुलाच्या डोळ्यात मांजरासारखी पांढरी चमक दिसली की दृष्ट काढतात. वेळेवर नेले तर बहुतेक मुलांचा जीव वाचतो, पुष्कळदा डोळाही.

घराण्यातल्या कॅन्सरची पहिली मोठी नोंद झाली ती एका शिवणकाम करणाऱ्या बाईमुळे. १८९५ साली मिशिगनमध्ये तिने ऑल्ड्रेड वॉर्थिन या प्राध्यापकाला सांगितले की आपल्या घरची माणसे पोटाच्या, आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच लवकर जाणार. ती तशीच गेली. वॉर्थिन यांनी तिच्या घराण्याची हकीकत १९१३ मध्ये छापली. पन्नासेक वर्षांनी हेन्री लिंच यांनी तोच धागा उचलला. १९९३-९४ मध्ये त्या विकारामागची जनुके सापडली. ती सुताराची निघाली, दुरुस्ती करणारी. रोगाला नाव मिळाले लिंच यांचे. पहिले निरीक्षण त्या शिवणकाम करणाऱ्या बाईचे होते, हे पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही.

स्तनाच्या कॅन्सरबाबत असे जनुक असू शकते हे मेरी-क्लेअर किंग यांनी सतरा वर्षे धरून ठेवले आणि १९९० मध्ये ते सतराव्या गुणसूत्रावर आहे हे दाखवून दिले. (याच बाईंनी अर्जेंटिनात लष्करी राजवटीने पळवलेली नातवंडे त्यांच्या आज्यांना परत मिळवून देण्यासाठी अनुवंशशास्त्र राबवले. शास्त्र कुणासाठी वापरायचे हे ठरवता येते.) त्या जनुकाला ‘बीआरसीए-१’ म्हणतात, ‘बीआरसीए-२’ नंतर सापडले. जवळजवळ दहा हजार स्त्रियांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, बीआरसीए-१ बिघडलेल्या स्त्रियांपैकी शेकडा सुमारे ७२ जणींना वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा आणि सुमारे ४४ जणींना बीजकोशाचा कॅन्सर होतो. धोका फार मोठा आहे. पण शंभरातल्या सर्वच जणींना होत नाही, हेही त्याच आकड्यात लिहिले आहे. उतरतो तो धोका.

आणखी एक गोष्ट. हा बिघाड बापाकडूनही तितकाच येतो. बापाला स्वतःला काही झालेले नसते, पण त्याच्या आईला, बहिणीला झालेले असते, आणि मुलीच्या वाट्याला ते जनुक येण्याची शक्यता निम्मी असते. तरी आपल्याकडे दोष जातो तो सुनेच्या माहेरावर. आत्याची चौकशी कुणी करत नाही.

हे झाले रक्ताच्या वारशाचे. पण घराण्यात येणारी प्रत्येक गोष्ट रक्तातून येत नाही, आणि हे आपल्याला कुणी शिकवण्याची गरज नसावी.

माझ्या चुलतीला तोंडाचा कॅन्सर झाला. शहरातल्या एका रुग्णालयात केसपेपर लिहिणाऱ्या तरुण डॉक्टरने विचारले, ‘घरात आधी कुणाला?’ ती म्हणाली, ‘सासूला व्हता, थोरल्या जावंला व्हता.’ त्याने लिहिले : कौटुंबिक इतिहास आहे. सासू, जाऊ आणि चुलती! तिघी तीन गावांहून लग्न होऊन आलेल्या, मामा-आत्याच्या नात्यातल्याही नव्हेत. त्यांचे रक्त एक नव्हते, चूल एक होती. त्या चुलीवर एकाच तव्यात भाजलेली मशेरी तिघी पहाटे लावत, दुपारी लावत, रात्री कामावरून आल्यावर भूक मारायला लावत. काय काम करता, किती वर्षे, मशेरी केव्हापासून, हे त्या कागदावर कुठेच नव्हते. जो रकाना होता तो भरला गेला.

१७७५ साली लंडनमध्ये पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने पाहिले की धुराडी साफ करणाऱ्यांना अंडकोशाच्या कातडीचा कॅन्सर होतो. गोरगरिबांची, अनाथ पोरे अरुंद धुराड्यांत उतरवली जात, काजळी त्यांच्या कातडीच्या घड्यांत वर्षानुवर्षे साठे आणि मोठेपणी रोग दिसे. १८९२ मध्ये हेन्री बटलिन यांनी नोंदवले की युरोपातल्या इतर देशांत हेच काम करणाऱ्यांना, अंगभर कपडे आणि स्वच्छतेची सोय असल्यामुळे, हा रोग क्वचितच होतो. आता कल्पना करा की लंडनमध्ये धुराडी झाडण्याचे काम एखाद्या जातीचे असते. बापाला कॅन्सर, मुलाला कॅन्सर, नातवाला कॅन्सर. कोणत्याही वैद्याने बेलाशक लिहिले असते : या जातीच्या रक्तातच हा रोग आहे. जिथे धंदाच जन्माने येतो, तिथे धंद्याचा रोग जन्माने आल्यासारखा दिसतो. गटारात उतरणाऱ्याचा मुलगा गटारात उतरतो, विडी वळणारीची मुलगी नवव्या-दहाव्या वर्षी सूप मांडीवर घेते. आनुवंशिकतेचा हा प्रकार वाटाण्यांत सापडत नाही.

आपल्याच देशात वसंत रामजी खानोलकरांनी हे फार लवकर ओळखले. मुंबईच्या टाटा रुग्णालयात काम करताना त्यांनी कॅन्सरचा संबंध रोजच्या सवयींशी लावला. १९४५ मध्ये सूर्याबाई या सहकारी संशोधिकेसह त्यांनी अशा भारतीय प्रकारांवर निबंध लिहिला. धोतराची गाठ वर्षानुवर्षे कमरेला घासून तिथल्या कातडीला होणारा कॅन्सर वैद्यकात ‘धोती कॅन्सर’ म्हणून नोंदला गेला. काश्मिरात पोटाशी कांगडी धरून बसणाऱ्यांना पोटाच्या, मांडीच्या कातडीचा होतो. काश्मिरी माणसाने कांगडी सोडली की त्याचे रक्त बदलत नाही, रोग तेवढा जातो. मुंबईतल्या नोंदींत पारशी स्त्रियांमध्ये स्तनाचा कॅन्सर अधिक आणि गर्भाशयमुखाचा कमी आढळला, पारशी पुरुषांत तोंडा-घशाचा कमी. लगेच ‘वंश’ म्हणावे असा हा नमुना. पण उशिरा लग्ने, कमी मुले, अग्नी पवित्र म्हणून धूम्रपान वर्ज्य, या गोष्टी आधी हिशेबात घ्याव्या लागतात. जपानमध्ये जठराचा कॅन्सर फार. हवाई आणि कॅलिफोर्नियात गेलेल्या जपान्यांच्या पुढच्या पिढ्यांत तो उतरत गेला आणि मोठ्या आतड्याचा वाढला. लग्ने आपसांतच होत असतानाही.

स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंडमधल्या जुळ्यांच्या ४४,७८८ जोड्यांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. एकसारख्या जुळ्यांची जनुके एकच. तरी एकाला झालेला कॅन्सर दुसऱ्याला झालाच नाही, असेच बहुतेक वेळा आढळले. स्तनाच्या कॅन्सरमध्ये अनुवंशाचा वाटा शेकडा २७ आणि प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरमध्ये ४२ निघाला. हे आकडे त्या समाजातल्या माणसामाणसांतल्या फरकाचे आहेत, ‘तुझ्या रोगातला सत्तावीस टक्के भाग आजीचा’ असा त्यांचा अर्थ नाही. दूध-भाकरीची, दवाखान्याची हमी साऱ्यांना जवळपास सारखी असलेल्या देशांतला हा हिशेब आहे. जिथे माणसांचे जगणेच पाताळ आणि आकाशाइतके वेगळे, तिथे तो जसाच्या तसा लावता येणार नाही.

रक्तशुद्धीचे काय? जातिव्यवस्थेने वंश शुद्ध राखला, हे सुप्रजननशास्त्राच्या भाषेतले समर्थन बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’मध्ये तपासून निकालात काढले होते. आजचे अनुवंशशास्त्र त्यांच्या बाजूनेच बोलते. हैदराबादच्या सीसीएमबीतल्या आणि परदेशी शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये एकत्रितपणे प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातले जवळजवळ सारे समूह मिश्र वंशाचे आढळले. आणि थोड्या पूर्वजांपासून सुरू होऊन आपसांतच लग्ने करत राहिलेल्या गटांत काही आनुवंशिक विकार साठत जातात, हेही त्यात मांडले गेले. ते विकार बहुतांशी कॅन्सरचे नव्हेत. पण कॅन्सरचे एक उदाहरण जगात प्रसिद्ध आहे : पूर्व युरोपीय मूळ असलेल्या अश्केनाझी ज्यूंमध्ये दर ४० जणांमागे सुमारे एकाजवळ बीआरसीएचा बिघाड असतो. शतकानुशतके त्यांना वेगळ्या वस्तीत कोंडले, छळले, त्यांची संख्या वारंवार घटली आणि लग्ने आतल्या आत होत राहिली. बंद दाराआड रक्त शुद्ध होत नाही. जे आहे तेच, दोषासकट, फिरत राहते.

आपले काही कार्यकर्ते मित्र यावरून दुसरे टोक गाठतात. अनुवंशाची सारी भाषाच बामणी, सगळे रोग गरिबीचे, असे ते म्हणतात. हे मला मान्य नाही. आई चाळिशीच्या आत स्तनाच्या कॅन्सरने गेलेली, मावशी बीजकोशाच्या कॅन्सरने गेलेली, अशा मुलीला ‘हे सगळे व्यवस्थेचे आहे’ असे सांगणे म्हणजे तिला तपासणीपासून दूर ठेवणे. तिच्यासाठी जनुकाची तपासणी हा हक्काचा प्रश्न आहे. अमेरिकेत एका कंपनीने बीआरसीए जनुकांचे पेटंट घेऊन तपासणी स्वतःच्या हाती ठेवली होती. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की निसर्गात आहे त्या डीएनएवर मालकी सांगता येणार नाही. त्याच वर्षी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने रक्ताच्या एका कॅन्सरवरील ‘ग्लिव्हेक’ या औषधाच्या पेटंटची मागणी फेटाळली. ते औषध १९६० साली फिलाडेल्फियात दिसलेल्या एका बिघडलेल्या गुणसूत्राचा माग काढत तयार झाले होते. कंपनीचे औषध महिन्याला लाखाच्या वर आणि देशी औषध आठ-दहा हजारांत, अशी तफावत त्या वेळी सांगितली जात होती. दहा हजारही आपल्या माणसाला जड, हे खरेच.

आता गर्भाशयमुखाचा कॅन्सर घ्या. तो होतो ‘एचपीव्ही’ या विषाणूने. हे दाखवणारे हाराल्ड त्सूर हाउसेन यांना २००८ चे नोबेल मिळाले. या विषाणूची दोन प्रथिने आपल्या पेशीतले दोन कासरे निकामी करतात. एक म्हणजे वर आलेला पी-५३. दुसरे, त्या लहान मुलांच्या डोळ्यातल्या कॅन्सरचे जनुक जे प्रथिन बनवते तेच. तिथे जन्मतः तुटलेला कासरा इथे विषाणू येऊन सोडवतो. मूल तो घेऊन जन्मते, मजूर बाईला संसर्गातून होतो. पेशीच्या आत घडते ते जवळपास एकच. या विषाणूवर लस आहे, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीला २०२२ मध्ये परवानगीही मिळाली. आणि तपासणी आहे.

ती तपासणी किती उपयोगी, हे जगाला कळले आपल्या मराठवाड्यामुळे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना चार गटांत विभागून १९९९ पासून अभ्यास झाला. बार्शीचे कॅन्सर रुग्णालय आणि टाटा रुग्णालय त्यात होते. २००९ मध्ये निष्कर्ष छापले गेले. एचपीव्हीची तपासणी, आयुष्यात एकदाच, झालेल्या गटात ३४ स्त्रिया या कॅन्सरने गेल्या. जवळपास तेवढ्याच मोठ्या, तपासणी न झालेल्या गटात ६४ गेल्या. या दुसऱ्या गटातल्या ३१,४८८ स्त्रियांना केवळ तुलनेसाठी तपासणीविना ठेवले, यावर पुढे आक्षेप घेतला गेला. तो आक्षेप रास्त आहे असे माझे मत आहे. आपल्या जिल्ह्यात तपासणीची सोय नव्हतीच, म्हणून न तपासणे हीच इथली ‘नेहमीची सेवा’ धरली गेली. त्या चौसष्ट जणींच्या जनुकांत काय होते हे शोधण्याचे कारणच नव्हते.

आरोग्य शिबिरे भरवणाऱ्या आपल्या मंडळांसाठी एक सूचना. छापील अर्जात ‘घराण्यात कॅन्सर आहे का’ एवढा एकच रकाना असतो. त्याच्याशेजारी कामाचा रकाना घाला : कोणते काम, कितव्या वर्षापासून. मशेरी, तंबाखू, सुपारी, विडी, गुटखा (राज्यात २०१२ पासून बंदी असलेला, तरी टपरीवर मिळणारा) वेगवेगळे विचारा. रक्ताच्या नात्यात एकाच बाजूला दोन-तीन माणसांना, पन्नाशीच्या आत, स्तनाचा, बीजकोशाचा, आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल, एखाद्या पुरुषाला स्तनाचा झाला असेल, तर त्या घरातल्यांना मोठ्या रुग्णालयात आनुवंशिक सल्ल्यासाठी पाठवा. बापाकडचे आणि आईकडचे नातेवाईक निरनिराळे लिहा. आणि बाईचा अर्ज भरताना माहेरची नावे एका ओळीत, सासरची दुसऱ्या ओळीत.